‘परंतु उच्च स्थाने काढून टाकली नाहीत’: प्राचीन इस्राएलातल्या अपुऱ्या धर्मसुधारणांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुन्या करारातली राजे आणि इतिहास ही पुस्तके सलग वाचू लागलात की एक वाक्य पुन्हा पुन्हा समोर येते. अमुक राजाने परमेश्वराच्या दृष्टीने योग्य ते केले, परंतु उच्च स्थाने काढून टाकली नाहीत. या ‘परंतु’ने वाचणाऱ्याला प्रश्न पडतातच. बायबल अभ्यासवर्गांत सतत निघणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

हा ‘परंतु’ कोणाकोणाच्या वाट्याला आला?

दक्षिणेकडच्या यहूदा राज्यातल्या सहा राजांच्या: आसा, यहोशाफाट, योवाश, अमस्या, अजऱ्या (म्हणजेच उज्जीया) आणि योथाम. या सहाही जणांना राजांच्या ग्रंथाने चांगल्या राजांत धरले आहे, हे आधी लक्षात घ्यावे. वाईट राजांबद्दल असे वाक्य लिहायची गरजच पडत नाही, तिथे सगळा कारभारच उलटा. उत्तरेकडच्या इस्राएल राज्यात येहू राजाने बआल या कनानी दैवताची पूजा मोडून काढली, पण सोनेरी वासरे तशीच ठेवली.

या सगळ्या हकिकती शेजारी शेजारी ठेवून वाचल्या की मला एक गोष्ट ठळक दिसते. सुधारणा दर वेळी दोनपैकी एका जागी अडली. एक, जिथे राजाचे स्वतःचे आसन डळमळले असते तिथे. दुसरी, जिथे लोकांच्या घराचा उंबरठा सुरू होतो तिथे. खालची बरीचशी उत्तरे याच दोन जागांभोवती फिरतात.

उच्च स्थान म्हणजे काय? तिथे फक्त परकी दैवतेच पुजली जात होती का?

गावाजवळची उंचवट्यावरची किंवा मुद्दाम बांधलेल्या चौथऱ्यावरची पूजेची जागा. तिथे यज्ञवेदी असे, अनेकदा उभा केलेला दगडी स्तंभ असे, आणि अशेरा देवीचे प्रतीक असलेला लाकडी खांब किंवा झाडही असे.

तिथे नेहमी परके दैवतच असे, हा समज चुकीचा आहे. शमुवेल संदेष्टा उच्च स्थानी यज्ञाला जातो आणि तिथेच शौलाला जेवायला बसवतो. शलमोनाने गिबोनच्या मोठ्या उच्च स्थानी यज्ञ केले आणि त्याच ठिकाणी त्याला स्वप्नात देवाने दर्शन दिले. मंदिर बांधले जाण्याआधी यात कोणाला काही वावगे वाटत नव्हते.

मग ती पाडण्याचा आग्रह कशासाठी?

अनुवाद या पुस्तकाचा बारावा अध्याय वाचा. देव निवडील त्या एकाच ठिकाणी यज्ञ करावा, असा तिथला नियम आहे. गावोगावच्या वेदींवर एकाच परमेश्वराचे नाव घेतले, तरी प्रत्येक वेदीशेजारी जुन्या कनानी दैवतांची खूण उभीच असे. पावसासाठी बआल, मुलाबाळांसाठी अशेरा आणि राष्ट्रासाठी परमेश्वर अशी वाटणी लोकांच्या मनात सहज होत होती. होशेय संदेष्ट्याची तक्रार नेमकी हीच आहे. धान्य, द्राक्षारस आणि तेल कोणी दिले हेच या लोकांना कळत नाही, असे तो म्हणतो.

आसाने राजमातेची मूर्ती जाळली, मग उच्च स्थानांपुढे त्याचा हात का थांबला?

आसाचे धैर्य कमी लेखू नये. राजमाता माकाने अशेरासाठी एक ओंगळ मूर्ती करवली होती. आसाने ती तोडून किद्रोन ओहोळापाशी जाळली आणि माकाला राजमातेच्या पदावरून काढले. यहूदात राजमाता हे दरबारातले वजनदार पद होते. म्हणजे स्वतःच्या घरात त्याने कसूर ठेवली नाही.

पण गावातली वेदी पाडणे ही वेगळी गोष्ट होती. तिच्यावर स्थानिक याजकांची रोजीरोटी चाले, सणाचे मांस तिथेच शिजे, कुळाच्या पूर्वजांच्या आठवणी तिथे होत्या. यरुशलेमला पायी जायला दोन-तीन दिवस लागणाऱ्या शेतकऱ्याला ‘आजपासून इथे यज्ञ नाही’ असे सांगायचे, तर गावोगाव शिपाई पाठवावे लागले असते.

इतिहासाच्या दुसऱ्या पुस्तकात एका ठिकाणी आसाने उच्च स्थाने काढली असे आहे आणि पुढे ती राहिली असेही आहे. यहोशाफाटाच्या बाबतीतही तसेच घडते. काही भाष्यकार म्हणतात की परक्या दैवतांची स्थाने गेली आणि परमेश्वराच्या नावाची राहिली. मला दुसरी शक्यता अधिक पटते: ती पाडली गेली आणि लोकांनी पुन्हा उभी केली. ओबडधोबड दगडांची वेदी रचायला कितीसा वेळ लागतो?

गिदोनाने तर बआलाची वेदी मोडली होती. तिथे काय बिनसले?

ही राजांच्याही आधीची, शास्त्यांच्या काळातली गोष्ट. गिदोनाने दहा नोकर बरोबर घेऊन बापाच्याच मालकीची बआलाची वेदी मोडली, तीही रात्री, कारण घरच्यांची आणि गावाची भीती. सकाळी गाव त्याच्या जिवावर उठला. पुढे विजय मिळाल्यावर त्याच गिदोनाने लुटीतल्या सोन्याचे, १,७०० शेकेल वजनाच्या कुंडलांचे, एफोद (याजकाच्या पवित्र वस्त्राच्या नावाची पूज्य वस्तू) घडवून आपल्या अफ्रा गावी ठेवले. सगळे इस्राएल त्याच्या नादी लागले आणि ते गिदोनाच्या घराण्यालाही फास ठरले. एक मूर्ती मोडणाऱ्या हातानेच दुसरी पूज्य वस्तू घडावी, हे मला या सगळ्या इतिहासातले फार दुःखाचे प्रकरण वाटते.

कर्मेल डोंगरावर एलीया जिंकला, तरी बआल कसा उरला?

कर्मेलवर एलीया संदेष्ट्याच्या प्रार्थनेला अग्नीने उत्तर मिळाले, बआलाचे संदेष्टे हरले आणि लोक ‘परमेश्वर हाच देव’ असे ओरडले खरे, पण उत्तरेचा अहाब राजा गादीवरच होता आणि राणी ईजबेलही. काही काळातच एलीयाला जीव वाचवून रानात पळावे लागले. एका दिवसाच्या चमत्काराने राजवाडा बदलला नाही.

मराठी माणसाला एलीया परका नाही. कोकणातल्या बेने इस्राएल समाजात एलियाहू हन्नबीच्या, म्हणजे एलीया संदेष्ट्याच्या, नावाने आजही मलिदा करतात, आणि अलिबागजवळच्या खंडाळ्याला त्याच्या रथाच्या खुणा मानल्या जातात.

येहूने बआल मुळापासून उपटला, मग सोनेरी वासरे का ठेवली?

याचे उत्तर येहूच्या सुमारे नव्वद वर्षे आधीचे आहे. शलमोनानंतर राज्य फुटले तेव्हा उत्तरेच्या यराबामाला एकच धास्ती होती. लोक यज्ञासाठी यरुशलेमला जात राहिले, तर त्यांचे मन पुन्हा दावीदाच्या घराण्याकडे वळेल आणि आपला जीव जाईल. म्हणून त्याने दोन सोनेरी वासरे घडवली. एक बेथेलला, राज्याच्या दक्षिण टोकाला, यरुशलेमच्या वाटेवरच. दुसरे अगदी उत्तरेला दान इथे. पुष्कळ अभ्यासकांच्या मते वासरू हे स्वतः दैवत नसून अदृश्य देवाचे आसन म्हणून उभे केले असावे. तसे असले तरी लोकांनी डोळ्यांना दिसले त्यालाच धूप दाखवला.

आता येहू. इ.स.पू. ८४१ च्या सुमारास त्याने अहाबाचे घराणे संपवले. मोठा यज्ञ करायचा आहे अशी थाप मारून बआलाच्या सगळ्या उपासकांना मंदिरात जमवले, बाहेर ८० माणसे उभी केली आणि आतल्यांची कत्तल केली. मंदिर पाडून त्या जागेचा शौचकूप केला. पण बआल हे ईजबेलचे, म्हणजे शत्रूच्या घराण्याचे दैवत होते. वासरे हा येहूच्या स्वतःच्या राज्याचा पाया होता. ती मोडली असती तर त्याची प्रजा दर सणाला यहूदाच्या राजधानीत गेली असती. शत्रूचे दैवत मोडताना त्याचा आवेश दांडगा होता, स्वतःच्या सोयीचे दैवत समोर आले तिथे तो संपला.

तरीही येहू सुरक्षित झाला नाही. अश्शूरचा (असिरियाचा) राजा तिसरा शल्मनेसर याच्या काळ्या पाषाणस्तंभावर येहूचे नाव कोरलेले आहे आणि त्याशेजारी जमिनीला कपाळ टेकून खंडणी देणारा माणूस दाखवला आहे. तो स्तंभ आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. पुढे होशेयाने येहूच्या रक्तपाताचाही जाब विचारला. म्हणजे संदेष्ट्यांच्या नजरेत ती सुधारणा अर्धवट होती आणि तिची रीतही दोषी होती.

हिज्कीयाने नेमके काय वेगळे केले?

‘परंतु’ गळून पडतो तो यहूदाचा राजा हिज्कीया याच्यापाशी. त्याने उच्च स्थाने काढली, स्तंभ फोडले, अशेरा तोडली. आणि त्याही पुढे जाऊन मोशेने रानात केलेला पितळी साप फोडला. तो साप परका नव्हता. मोशेच्या हातचा होता, देवाच्या आज्ञेने केलेला होता आणि त्याच्याकडे पाहून लोक वाचले होते. पण आता लोक त्याला धूप जाळत होते. बआल फोडणे त्यामानाने सोपे, त्याला ‘परक्यांचा’ म्हणता येते. आपल्याच इतिहासातली पवित्र वस्तू फोडायला जे लागते ते हिज्कीयाकडे होते, आणि म्हणून मी त्याला पुढचा मोठा सुधारक राजा योशीया याच्या बरोबरीने मानतो.

लोकांना हे रुचले होते का? इ.स.पू. ७०१ मध्ये अश्शूरचा राजा सन्हेरीब याचे सैन्य यरुशलेमच्या वेशीपाशी आले. अश्शूरचा सरदार तटावरच्या लोकांना ऐकू जाईल अशा आवाजात, त्यांच्याच भाषेत बोलत होता. त्याचा एक मुद्दा असा: ज्या देवावर भिस्त ठेवता त्याचीच उच्च स्थाने आणि वेदी हिज्कीयाने काढल्या ना? शत्रूचा हेर शहरातली कुजबुज नेमकी उचलतो. गावची वेदी पाडल्याची नाराजी तटाबाहेर पोचली होती, असाच याचा अर्थ मी लावतो.

याला उत्खननाचा काही आधार आहे का?

आहे, आणि तो दोन्ही बाजूंनी बोलतो.

नेगेवमधल्या अराद किल्ल्यात १९६० च्या दशकात योहानान अहरोनी यांना एक छोटे देवालय सापडले. आतल्या गाभाऱ्याच्या पायरीवर दोन धूपवेदी आणि मागे उभा दगड. या वेदी फोडलेल्या नव्हत्या, आडव्या करून मातीखाली नीट झाकलेल्या होत्या. २०२० मध्ये त्यांच्यावरच्या काळ्या थराचा अभ्यास प्रसिद्ध झाला. एकीवर ऊद आणि प्राण्याची चरबी, तर दुसरीवर गांजा आणि जनावराचे शेण यांचे अंश निघाले. बैर-शेबाला मोठ्या शिंगांच्या वेदीचे दगड कोठाराच्या भिंतीत चिणलेले सापडले, त्यांतल्या एकावर साप कोरलेला आहे. अहरोनींनी या दोन्ही गोष्टींचा संबंध हिज्कीयाच्या सुधारणेशी जोडला. इतर काही पुरातत्त्वज्ञांना तो मान्य नाही. अरादच्या वेदी ज्या काळजीने निजवल्या आहेत ती मला विचारात टाकते. हे काम करणाऱ्याने हुकूम पाळला, पण त्याचे हात त्या वेदींना अजून पवित्रच मानत होते.

दुसरी बाजू अशी. सिनायमधल्या कुंतिलेत अजरूद इथे १९७५-७६ मध्ये मोठ्या रांजणांवर आशीर्वादाचे लेख मिळाले. काळ साधारण इ.स.पू. ८००. त्यांत ‘शोमरोनचा यहोवा आणि त्याची अशेरा’ यांच्या नावे आशीर्वाद दिला आहे. (शोमरोन ही उत्तरेच्या राज्याची राजधानी, आणि यहोवा हे परमेश्वराचे नाव.) यरुशलेमपासून काही किलोमीटरवर मोत्सा इथे २०१२ मध्ये एक अख्खे देवालय उजेडात आले. ते शलमोनाचे मंदिर उभे होते त्याच काळातले आहे. आणि यहूदातल्या घराघरांतून मातीच्या लहान स्त्रीमूर्ती शेकड्यांनी निघाल्या आहेत. खाली भरीव खांबासारखे अंग, वर चिमटीने दाबून केलेले किंवा साच्यातले तोंड, हात स्तनांखाली धरलेले. बहुतेक इ.स.पू. आठव्या-सातव्या शतकातल्या, म्हणजे हिज्कीया आणि योशीया यांच्याच काळातल्या. ती अशेरा होती की बाळंतपणासाठी ठेवायची वस्तू, यावर वाद आहे. ती घरात होती, यावर नाही.

हिज्कीयाचाच मुलगा मनश्शे. एका पिढीत सगळे परत कसे आले?

मनश्शे १२ वर्षांचा असताना गादीवर आला आणि त्याने ५५ वर्षे राज्य केले, दावीदाच्या घराण्यात सर्वांत जास्त. बापाने पाडलेली उच्च स्थाने त्याने पुन्हा बांधली, मंदिराच्या अंगणात आकाशातल्या ताऱ्यांसाठी वेदी उभारल्या, अशेराची मूर्ती खुद्द मंदिरात ठेवली आणि स्वतःच्या मुलाला अग्नीत होमले. अश्शूरच्या मांडलिक राजांच्या यादीत त्याचे नाव आहे. काहीजण त्यामुळे सगळा दोष अश्शूरच्या दडपणावर टाकतात. मला ते पुरेसे वाटत नाही, कारण बआल आणि अशेरा ही अश्शूरची दैवते नव्हेत. लोकांना जे हवे होते ते राजाने परत दिले, म्हणून ते इतक्या सहज परतले.

योशीयाची सुधारणा इतकी मोठी का मानतात?

इ.स.पू. ६२२ मध्ये मंदिराच्या दुरुस्तीत हिल्कीया याजकाला नियमशास्त्राचा ग्रंथ सापडला. शाफान चिटणीसाने तो राजाला वाचून दाखवला, राजाने वस्त्रे फाडली आणि हुल्दा संदेष्ट्रीकडे माणसे पाठवली. त्यानंतर जे घडले ते राजांच्या दुसऱ्या पुस्तकाच्या तेविसाव्या अध्यायात आहे, आणि तो अध्याय म्हणजे एका देशातल्या मूर्तिपूजेची झडतीच आहे. मंदिरातून अशेरा बाहेर काढून किद्रोनपाशी जाळली आणि तिची राख केली. मंदिराच्या आवारात बायका अशेरासाठी वस्त्रे विणत ती घरे पाडली. हिन्नोमच्या खोऱ्यातले ‘तोफेत’ नावाचे ठिकाण, जिथे लेकरे होमली जात, ते भ्रष्ट केले. सूर्याला वाहिलेले घोडे नथन-मेलेख नावाच्या अधिकाऱ्याच्या खोलीपाशी होते, तेही काढले. (यरुशलेममध्ये सापडलेला ‘राजाचा सेवक नथन-मेलेख’ असा एक मातीचा शिक्का २०१९ मध्ये जाहीर झाला.) बेथेलची वेदीही फोडली.

या यादीतल्या एका नोंदीवर मात्र जरूर थांबा. यरुशलेमच्या पूर्वेच्या टेकडीवर शलमोनाने आपल्या बायकांसाठी अष्टोरेथ, कमोश आणि मिलकोम यांची उच्च स्थाने बांधली होती. ती योशीयाने भ्रष्ट केली. म्हणजे तोवर ती होती! सुमारे ३०० वर्षे, मंदिरातून मान वर केली की दिसतील अशा जागी. आसाने ती पाहिली, यहोशाफाटाने पाहिली, हिज्कीयाच्या झपाट्यातूनही ती वाचली किंवा पुन्हा उभी राहिली. शलमोनाने, म्हणजे मंदिर बांधणाऱ्या पूर्वजाने, ती बांधली होती. आपल्याच घराण्याच्या थोर पुरुषाची चूक उघड करायला कोणी धजले नसावे.

मग तीही अपुरी का ठरली?

यिर्मया योशीयाच्याच काळात बोलत होता आणि त्याचा निवाडा कडक आहे: यहूदा मनापासून वळली नाही, वरवर वळली. राजाने करार केला, लोक उभे राहिले, पण हुकूम वरून खाली आला होता. उच्च स्थानांचे याजक यरुशलेमला आणले गेले. त्यांना बेखमीर भाकर मिळे, वेदीजवळ जाण्याचा मान मिळत नसे. काम गेलेल्या माणसांचा हा गट राजधानीतच बसून होता.

इ.स.पू. ६०९ मध्ये योशीया मगिद्दोला मिसरच्या फारोसमोर मारला गेला आणि त्याच्या मुलांनी त्याचा मार्ग सोडला. पुढे बाबेलात बंदिवान असलेल्या यहेज्केलाला दृष्टांत झाला. मंदिराच्या आत अंधाऱ्या खोलीत ७० वडीलधारे भिंतीवर कोरलेल्या प्राण्यांपुढे धूप जाळताहेत, दाराशी बायका तम्मूज या बाबेली दैवतासाठी रडताहेत, मंदिराकडे पाठ करून पुरुष सूर्याला नमन करताहेत. त्या सत्तरांत एकाचे नाव दिले आहे: शाफानाचा मुलगा याजन्या. योशीयाला ग्रंथ वाचून दाखवणारा तोच हा शाफान, असे पुष्कळ अभ्यासक मानतात. मानले तर सुधारणा त्या घरातल्याच एका मुलापर्यंत पोचली नव्हती.

‘आकाशराणी’ हे काय प्रकरण आहे?

या साऱ्या इतिहासात लोकांचा स्वतःचा आवाज ऐकू येतो तो इथे, म्हणून हे प्रश्नोत्तर सोडू नका.

यिर्मयाच्या सातव्या अध्यायात यरुशलेमच्या रस्त्यांवरचे रोजचे चित्र आहे. मुले लाकडे गोळा करतात, बाप चूल पेटवतात, बायका कणीक मळतात, आणि आकाशराणी नावाच्या देवीसाठी पोळ्या भाजल्या जातात. इथे याजक नाही, मंदिर नाही, पाडायला वेदीसुद्धा नाही. अख्खे कुटुंब आपापले काम करते आहे. राजाचा शिपाई या घरात येऊन काय फोडणार?

इ.स.पू. ५८६ मध्ये यरुशलेम जळाले. उरलेले काही लोक मिसरला पळाले आणि यिर्मयालाही बरोबर घेऊन गेले. तिथे त्याने त्यांना पुन्हा बजावले, आणि त्यांनी तोंडावर नकार दिला. चव्वेचाळिसाव्या अध्यायातला त्यांचा युक्तिवाद असा: आम्ही, आमचे बापजादे, राजे आणि सरदार आकाशराणीला धूप जाळत होतो तेव्हा पोटभर खात होतो, कसले संकट नव्हते. ते बंद केले तेव्हापासून तलवार आणि दुष्काळ आमच्या मागे लागला. बायकांनी पुढे विचारले, आमच्या नवऱ्यांना ठाऊक नसताना का आम्ही हे करत होतो?

‘बंद केले तेव्हापासून’ म्हणजे बहुधा योशीयाच्या सुधारणेपासून. त्यांच्या बाजूने पाहा. सुधारणा झाली, चांगला राजा तरणाताठा मेला, बाबेलचे सैन्य आले, लेकरे उपाशी मेली. तेच प्रसंग यिर्मया उलट वाचतो: तुमच्या त्याच धुपामुळे हे झाले. मी यिर्मयाच्या बाजूचा आहे. पण त्या बायकांचे म्हणणे ग्रंथाने दडपले नाही, पुरेपूर लिहून ठेवले, याबद्दल मला त्या ग्रंथाविषयी फार आदर वाटतो.

ही हकिकत एकतर्फी नाही का? लिहिणारे सुधारणेच्याच बाजूचे होते.

होते. राजांचा ग्रंथ अनुवादातल्या एका-मंदिराच्या नियमाने प्रत्येक राजाला मोजतो. राज्यकर्ता म्हणून यशस्वी ठरलेल्या माणसाला दोन ओळींत निकालात काढतो. हे लक्षात ठेवूनच वाचावे. मात्र आपल्याच राजांची, शलमोनासकट, अशी झाडाझडती घेणारे राजवृत्त त्या काळच्या शेजारी राष्ट्रांत क्वचितच सापडते. अश्शूरचे शिलालेख वाचले की फरक लगेच कळतो, तिथे राजा कधी चुकतच नाही.

बंदिवासानंतर तरी मूर्तिपूजा संपली का?

यहूदात बव्हंशी हो. बाबेलच्या बंदिवासातून परत आलेल्यांच्या वस्त्यांत त्या मातीच्या स्त्रीमूर्ती जवळजवळ सापडत नाहीत. नहेम्याच्या काळात भांडण शब्बाथ आणि मिश्रविवाह यांवर आहे, बआलावर नाही. राजा नव्हता, काही काळ मंदिरही नव्हते. ग्रंथ मोठ्याने वाचणे, तो समजावून सांगणे, घरात तो पाळणे, हेच हातात उरले होते. राजाज्ञेला जो उंबरठा ओलांडता आला नाही तो या वाचनाने ओलांडला, असे माझे मत आहे.

मिसरच्या दक्षिणेला एलिफंटाइन बेटावर मात्र यहूदी सैनिकांची वस्ती होती आणि तिथे ‘याहू’चे, म्हणजे परमेश्वराचेच, स्वतंत्र मंदिर होते. ते इ.स.पू. ४१० मध्ये पाडले गेले, तेव्हा त्यांनी यहूदाच्या सुभेदाराकडे अर्ज करून पुन्हा बांधण्याची परवानगी मागितली. वर्गणीच्या एका यादीत याहूच्या बरोबरीने अनात-बेथेल आणि एशेम-बेथेल ही दैवतांची नावेही आहेत. योशीयानंतर दोनशे वर्षांनी.

ही टीका आजच्या इतर धर्मीयांच्या मूर्तिपूजेला लावावी का?

संदेष्ट्यांचे भांडण मुख्यतः स्वतःच्या लोकांशी होते. तुम्ही करार केला आणि मोडला, हा त्यांचा आरोप. तो शेजाऱ्याकडे बोट दाखवण्यासाठी वापरणे म्हणजे त्या मजकुराशी अन्याय करणे. ज्यांनी तो करार आपला मानला, त्यांनी तो आपल्या घरापासून वाचावा.

वाचायला सुरुवात कुठून करू?

आधी राजांचे दुसरे पुस्तक, अध्याय २२ आणि २३. मग लगेच यिर्मया ७ आणि ४४. त्यानंतर मागे जाऊन शास्ते ६ ते ८ मधला गिदोन, राजांच्या पहिल्या पुस्तकातला अध्याय १२ आणि दुसऱ्यातला १०. इतिहासाच्या पुस्तकांतल्या समांतर हकिकती शेवटी वाचा. आधी वाचल्या तर आसा आणि यहोशाफाट यांच्यापाशीच गोंधळ उडतो.